टीममेटला वाट द्यायची, पण हे आधी ठरले होते का? : मोटर शर्यतींतील संघादेश (मंचावरील चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

शेवटचे वळण

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात आणि मोसमाच्या अखेरीस दोन वेगवेगळी अजिंक्यपदे दिली जातात. एक चालकाचे, जे एकट्याचे असते. दुसरे संघाचे, जे दोन्ही चालकांच्या गुणांच्या बेरजेवर ठरते आणि ज्याच्या क्रमवारीशी संघांना मिळणारा पैसा बांधलेला असतो. संघाच्या दोन्ही गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या येणार असतील, तर त्यांतली पुढे कोणती यामुळे संघाच्या बेरजेत एका गुणाचाही फरक पडत नाही. चालकाच्या खात्यात मात्र २५ आणि १८ असा ७ गुणांचा फरक पडतो, शिवाय विजेता म्हणून नाव एकाचेच लागते. म्हणजे जी अदलाबदल संघाला फुकटात पडते, तिच्यासाठी एका चालकाला कारकिर्दीतला एक विजय सोडावा लागतो. टीममेटमधल्या बहुतेक भांडणांचे मूळ मला इथे दिसते. स्वभावदोष वगैरे नंतर येतात.

माझे म्हणणे असे आहे की वाट देण्याचा आदेश मुळातच अन्यायकारक नसतो. तो कोणत्या अटींवर ठरला, कधी ठरला आणि दोघांनाही आधीपासून ठाऊक होता का, यावरून त्याची पारख करावी. शर्यत सुरू होण्यापूर्वी ठरलेला नियम कितीही एकतर्फी असला तरी चालक तो स्वीकारून गाडीत बसलेला असतो. शर्यत हातात आल्यानंतर, शेवटच्या काही फेऱ्यांत, रेडिओवरून उगवलेला आदेश ही वेगळीच गोष्ट आहे.

याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण १२ मे २००२ चे. ऑस्ट्रियातील ए-वन रिंगवर फेरारीच्या रुबेन्स बारिकेलो यांनी पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली होती आणि शर्यतीवर त्यांचेच वर्चस्व होते. शेवटच्या वळणातून बाहेर पडल्यावर, समोर अंतिम रेषा दिसत असताना, त्यांनी वेग कमी केला आणि टीममेट मिखाएल शूमाकर पुढे निघून गेले. प्रेक्षकांनी एवढी हुर्यो उडवली की शूमाकर यांनी पोडियमवर बारिकेलो यांना ओढून सर्वांत वरच्या पायरीवर उभे केले. मोसमातील ती केवळ सहावी शर्यत होती. आधीच्या पाचपैकी चार शर्यती जिंकून शूमाकर ४४ गुणांवर पोहोचले होते आणि दुसऱ्या स्थानावरील मोंटोया २३ वर होते. त्या वेळी पहिल्याला १० आणि दुसऱ्याला ६ गुण मिळत, म्हणजे एवढ्या मानहानीनंतर हाती पडले ४ गुण. जुलैमध्ये, सहा शर्यती शिल्लक असतानाच, शूमाकर विश्वविजेते झाले आणि मोसमाच्या शेवटी त्यांचे गुण होते १४४, बारिकेलो यांचे ७७. त्या ४ गुणांवाचून कोणाचे काय अडले असते, हे मला आजवर समजलेले नाही.

मोटर शर्यतींची जागतिक नियामक संस्था एफआयए हिने फेरारीला १० लाख डॉलरचा दंड केला (त्यातील निम्मा स्थगित ठेवला), पण तो पोडियमवरील गोंधळासाठी, कारण आदेश देणे तेव्हा नियमबाह्य नव्हते. पुढील मोसमापासून शर्यतीच्या निकालावर परिणाम करणाऱ्या आदेशांवर बंदी आली.

याच्या उलट मी २०१३ ची मलेशियातील सेपांगची शर्यत ठेवतो. रेड बुलमध्ये आधीच ठरलेले होते की शेवटच्या पिट स्टॉपनंतर (टायर बदलायला ट्रॅकलगतच्या 'पिट' या जागेत घेतलेल्या थांब्यानंतर) दोन्ही गाड्यांनी आपापला क्रम टिकवायचा. 'मल्टी २१' या सांकेतिक सूचनेचा अर्थ २ क्रमांकाची गाडी पुढे आणि १ क्रमांकाची मागे, म्हणजे वेबर आधी, फेटल नंतर. वेबर यांनी इंजिनाची ताकद कमी केली, आणि फेटल यांनी सूचना डावलून त्यांना मागे टाकले व शर्यत जिंकली. फेटल यांचे चाहते त्याला झुंजार वृत्ती म्हणतात. मी म्हणेन की ज्याने शब्द पाळून इंजिन मंद केले, त्याच्या शब्दाचा फायदा उचलून मिळवलेला तो विजय होता. करार आधीच झालेला होता म्हणूनच चूक कोणाची, हे तिथे इतके स्वच्छ दिसते.

आपल्याला काय वाटते? फॉर्म्युला वनपुरतेच बोलायला हवे असे नाही.

पिट वॉल

मांडणी चांगली आहे, पण रेडिओवर ऐकू येणारा आदेश ही या विषयाची फक्त दिसणारी बाजू आहे. खरे पक्षपात पिट स्टॉपच्या क्रमात लपलेले असतात, आणि तिथे कोणालाही हुर्यो उडवावीशी वाटत नाही.

दोन गाड्या पाठोपाठ धावत आहेत असे समजा. दोघांचे टायर झिजलेले आहेत. जो आधी आत येऊन नवे टायर चढवतो, तो बाहेर पडल्याबरोबर फेरीमागे सेकंद-दीड सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेगवान होऊ शकतो. मागचा चालक आधी आला आणि पुढचा एक-दोन फेऱ्या बाहेर राहिला, तर पुढचा पिटमधून बाहेर येईपर्यंत मागचा निघून गेलेला असतो. यालाच अंडरकट म्हणतात. म्हणून बहुतेक संघांत अलिखित नियम असतो की दोघांत जो पुढे असेल, त्याला आधी बोलवायचे. हा नियम एकदा मोडला की रेडिओवर एक अक्षरही न उच्चारता जागांची अदलाबदल होते.

२०२४ च्या हंगेरियन ग्रां प्रीमध्ये नेमके हेच झाले. ऑस्कर पियास्त्री आघाडीवर आणि लँडो नॉरिस दुसरे होते. मागे मर्सिडीजचे हॅमिल्टन टायर बदलून वेगात येत असल्यामुळे मॅक्लारेनने नॉरिस यांना ४५ व्या फेरीला आत घेतले आणि पियास्त्री यांना ४७ व्या. नॉरिस साहजिकच पुढे आले. मग पुढच्या वीसेक फेऱ्या त्यांचे अभियंते त्यांना जागा परत देण्याविषयी कधी समजावणीच्या तर कधी अजिजीच्या स्वरात विनवत राहिले आणि ७० पैकी ६८ व्या फेरीत नॉरिस यांनी पियास्त्री यांना जाऊ दिले. पियास्त्री यांचा तो पहिला विजय.

आता तुमच्या कसोटीवर हे कुठे बसते? 'आम्ही क्रम बदलला तर तो परत करायचा' हे तत्त्व आधीपासून मान्य होते असे धरले, तर नॉरिस यांच्यावर अन्याय झाला नाही. पण पिट स्टॉपचा क्रम उलटवण्याची मुळात गरज होती का? हॅमिल्टन इतके जवळ नव्हते की पियास्त्री यांना आधी घेतल्याने नॉरिस यांची जागा नक्कीच गेली असती. संघाने आपल्या सोयीसाठी एक प्रश्न तयार केला आणि तो सोडवण्याचे ओझे चालकावर टाकले. वेळेची कसोटी लावायची तर ती ६८ व्या फेरीला लावून भागणार नाही, ४५ व्या फेरीला लावावी लागेल.

जुनी पाने

रेडिओ नव्हता तेव्हाही हे सगळे होतेच, आणि आजच्यापेक्षा कितीतरी उघडपणे होते. १९५६ मध्ये इटलीतील मोंझा येथे हुआन मान्वेल फांजिओ यांच्या फेरारीचे स्टिअरिंग बिघडले. त्या काळी शर्यत चालू असताना एका चालकाने आपली गाडी दुसऱ्याला देणे नियमात बसत होते आणि मिळालेले गुण दोघांत वाटले जात. टीममेट पीटर कॉलिन्स यांना स्वतःलाही अजिंक्यपदाची संधी होती, तरी पिटमध्ये येऊन त्यांनी आपली गाडी फांजिओ यांच्या हवाली केली. शर्यत स्टर्लिंग मॉस यांनी जिंकली, पण अजिंक्यपद ३० विरुद्ध २७ गुणांनी फांजिओ यांचे झाले. कॉलिन्स यांच्या त्या कृतीचे आजही कौतुक होते. तेच काम बारिकेलो यांच्याकडून रेडिओवर करवून घेतले गेले तेव्हा हुर्यो उडाली. शेवटचे वळण यांच्या मताला यातून काहीसा दुजोरा मिळतो, जरी कॉलिन्स यांच्याबाबत आधी ठरलेले काहीच नव्हते.

१९६४ मध्ये मेक्सिकोत तर एका अदलाबदलीने थेट विश्वविजेता ठरवला. शेवटच्या फेरीत जिम क्लार्क यांच्या गाडीने दगा दिला, आणि फेरारीच्या लोरेंझो बांदिनी यांनी टीममेट जॉन सर्टीस यांना दुसऱ्या क्रमांकावर जाऊ दिले. सर्टीस ४० गुणांनी विश्वविजेते, ग्रॅहम हिल ३९ वर. ती वाट मिळाली नसती तर सर्टीस ३८ वर राहिले असते.

पण मला इथे मुख्यतः इमोलाविषयी लिहायचे आहे, कारण 'आधी ठरले होते का' या प्रश्नाचे उत्तर कधीकधी मिळतच नाही, हे त्या शर्यतीने दाखवून दिले. २५ एप्रिल १९८२. बहुतेक ब्रिटिश संघांनी बहिष्कार टाकल्याने इमोलाला झालेल्या सान मारिनो ग्रां प्रीला फक्त १४ गाड्या होत्या. रेनोच्या दोन्ही गाड्या बाद झाल्यावर आघाडीवर दोन फेरारी उरल्या: जिल व्हिलनव्ह आणि दिदिए पिरोनी. संघाने 'स्लो' असा फलक दाखवला. व्हिलनव्ह यांनी त्याचा अर्थ असा घेतला की क्रम जसा आहे तसा ठेवून गाड्या सांभाळून घरी आणायच्या. पिरोनी यांच्या मते फलक वेग कमी करायला सांगत होता, क्रमाबद्दल तो काहीच सांगत नव्हता. दोघांनी अनेकदा एकमेकांना ओलांडले. व्हिलनव्ह पुढे असले की वेग मंदावायचा, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे शर्यत संपलेली होती. शेवटच्या फेरीत तोसा वळणापाशी पिरोनी पुढे गेले आणि जिंकले. त्यांच्याशी पुन्हा कधीही बोलणार नाही, असे व्हिलनव्ह यांनी जाहीर केले. तेरा दिवसांनी, ८ मे रोजी, झोल्डर येथे पात्रता फेरीत (शर्यतीच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत) झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या क्षणी पिरोनी यांची वेळ त्यांच्यापेक्षा सरस होती. पुढे ऑगस्टमध्ये, गुणतक्त्यात आघाडीवर असताना, हॉकेनहाइम येथे सरावात पिरोनी यांचे दोन्ही पाय निकामी झाले आणि फॉर्म्युला वनमधील त्यांची कारकीर्द तिथेच संपली. त्यांचे ३९ गुण कायम राहिले, आणि ४४ गुणांनिशी अजिंक्यपद केके रोझबर्ग यांच्याकडे गेले.

झोल्डरचा अपघात इमोलामुळे झाला, असे सरसकट विधान मी करणार नाही; समोर आलेल्या सावकाश गाडीच्या चालकाचा आणि व्हिलनव्ह यांचा, कोण कोणत्या बाजूने जाणार याचा अंदाज चुकला, हे अपघाताचे तात्कालिक कारण होते. पण एका शब्दाच्या फलकावर दोन चालकांचे भवितव्य सोपवणाऱ्या संघाला त्यासाठी कोणी फारसे जबाबदार धरले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

सरळ रेषा

एवढे तत्त्वज्ञान कशाला? तिकीट काढून आलेल्या माणसाला शर्यत पाहायची असते. संघाने गाडी द्यावी, टायर द्यावेत आणि दोघांना लढू द्यावे. आदेशांवर सरळ बंदी घालावी.

पिट वॉल

सरळ रेषा, बंदी होती ना! २००३ पासून २०१० पर्यंत पूर्ण आठ मोसम होती. तिचे काय झाले ते २५ जुलै २०१० रोजी हॉकेनहाइमला सगळ्यांनी पाहिले. फेरारीचे फेलिपे मासा आघाडीवर होते. आदल्या वर्षी हंगेरीत डोक्याला झालेल्या जीवघेण्या दुखापतीला बरोबर एक वर्ष होत होते. त्यांचे अभियंता रॉब स्मेडली यांनी रेडिओवर संथपणे, एकेक शब्द सुटा करत सांगितले की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, आणि हा निरोप समजला का, हेही विचारले. मासा यांनी वेग कमी केला, टीममेट फर्नांडो अलोन्सो पुढे गेले. आता या वाक्यात आदेश कुठे आहे? ती तर निव्वळ माहिती झाली. शर्यतीच्या पंचांनी फेरारीला १ लाख डॉलर दंड केला; सप्टेंबरमध्ये प्रकरण एफआयएच्या जागतिक परिषदेपुढे गेले, तिथे शिक्षा वाढली नाही आणि दोन्ही चालकांचे गुणही तसेच राहिले. २०११ पासून तो नियमच काढून टाकला.

ज्या नियमाचा भंग सिद्ध करण्यासाठी वाक्याच्या सुरावरून हेतू ओळखावा लागतो, तो राबवता येत नाही. इंधन वाचव, ब्रेक तापले आहेत, इंजिनाची काळजी घे, यांपैकी प्रत्येक सूचना खरीही असू शकते आणि सांकेतिकही. बंदी पुन्हा आणली तर आदेश जातील असे नाही, ते फक्त आपल्याला ऐकू येणार नाहीत.

बेरीज-वजाबाकी

आदेशाचा नैतिक हिशेब बाजूला ठेवून तो फायद्याचा तरी ठरतो का, हे पाहावे. २०१० चाच मोसम घेऊ. हॉकेनहाइमच्या अदलाबदलीने अलोन्सो यांना ७ गुण मिळाले. मोसमाच्या शेवटी ते २५२ वर राहिले आणि फेटल २५६ गुणांनी विश्वविजेते झाले. म्हणजे ते ७ गुण घेऊनही फेरारीला ४ कमीच पडले. रेड बुलने त्याच मोसमात उलटे धोरण ठेवले. तुर्कस्तानात फेटल आणि वेबर एकमेकांवर आदळले, एक बाद झाला, दुसरा तिसरा आला, सगळीकडे हसे झाले. तरीही ब्राझीलमध्ये, शेवटून दुसऱ्या शर्यतीत, गुणतक्त्यात पुढे असलेल्या वेबर यांच्यासाठी त्यांनी विजेत्या फेटल यांना मागे बोलावले नाही. त्या वेळी सर्वांनी त्यांना वेड्यात काढले होते. अबू धाबीला फेटल जिंकले आणि मोसमात प्रथमच आघाडीवर आले, तेही नेमके शेवटच्या दिवशी.

उलट बाजूही आहे. १९८६ मध्ये विल्यम्सच्या मॅन्सेल आणि पिके यांनी एकमेकांचे गुण इतके खाल्ले की ॲडलेडला मॅन्सेल यांचा टायर फुटल्यावर अजिंक्यपद मॅक्लारेनच्या प्रोस्ट यांनी नेले: ७२, ७०, ६९. २००७ मध्ये मॅक्लारेनच्याच हॅमिल्टन आणि अलोन्सो यांचे प्रत्येकी १०९ गुण झाले आणि फेरारीचे रायकोनेन ११० वर थांबून विश्वविजेते झाले. त्या वर्षी हंगेरीच्या पात्रता फेरीत अलोन्सो टायर बदलून झाल्यावरही पिटमध्ये उभे राहिले आणि मागे खोळंबलेल्या हॅमिल्टन यांची अखेरची वेगवान फेरी हुकली. अलोन्सो यांना पाच जागा मागे जावे लागले आणि त्या शर्यतीचे संघाचे गुण धरले गेले नाहीत. एका गुणाने हरलेल्या संघात अशा किती गोष्टींचे परिमार्जन आदेशाने झाले असते, याचा विचार व्हावा.

आणि एक मासला, जो कोणत्याच बाजूने लावता येत नाही. १९८१ मध्ये ब्राझीलला विल्यम्सने 'जोन्स, रॉयट' असा फलक धरला. करारानुसार कार्लोस रॉयटमान यांनी ॲलन जोन्स यांना पुढे जाऊ देणे अपेक्षित होते. त्यांनी फलकाकडे दुर्लक्ष केले आणि शर्यत जिंकली. जोन्स पोडियमवर आलेच नाहीत. मोसमाअखेर पिके ५०, रॉयटमान ४९, जोन्स ४६. फलक पाळला असता तर जोन्स ४९ आणि रॉयटमान ४६, पिके तसेच ५० वर! कागदावर त्या अवज्ञेने काहीच बदलले नाही. पण पुढे एकाच गुणाने हुकलेल्या अजिंक्यपदासाठी रॉयटमान झगडत असताना त्यांना संघातून मनापासून साथ कोण देणार होते?

शेवटचे वळण

जुनी पाने यांच्या इमोलावरील प्रतिसादाने माझ्या मुद्द्याला योग्य जागी धक्का दिला आहे. आधी ठरले होते एवढे म्हणून भागत नाही. ठरले ते दोघांनाही एकाच अर्थाने समजले होते, हेही लागते. तरीही मी म्हणेन की संदिग्धता हा मुळात उशिराच ठरवण्याचा एक प्रकार आहे. अवघड प्रश्न संघाने शर्यतीपूर्वी टाळला आणि फलक धरताना तो चालकांच्या अंगावर ढकलला. मॅक्लारेनचे टीममेट सेना आणि प्रोस्ट यांचा १९८९ चा इमोलाचा करार पाहा. सुरुवातीला जो आघाडी घेईल त्याच्यावर पहिल्या वळणात हल्ला करायचा नाही, असे ठरले. पहिल्या सुरुवातीनंतर तो पाळला गेला. बर्गर यांच्या अपघातामुळे शर्यत थांबून पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रोस्ट यांनी आघाडी घेतली आणि सेना त्यांना ओलांडून गेले. करार दुसऱ्या सुरुवातीला लागू होता की नाही, हे कोणी बोललेलेच नव्हते. त्याच वर्षी सुझुकाला दोघे एकमेकांत अडकले.

दोन चाके

मोटरसायकल शर्यतींचे एक उदाहरण टाकतो, कारण तिथे चालक रेडिओवर बोलत नसल्याने सगळे काही फलकांवर आणि डॅशबोर्डच्या पडद्यावर उमटते. २०१७ मध्ये डुकाटीचे आंद्रेआ दोव्हित्सिओसो अजिंक्यपदाच्या शर्यतीत होते, टीममेट होर्हे लोरेंझो नव्हते. सेपांगला लोरेंझो आघाडीवर असताना त्यांच्या पडद्यावर 'सुचवलेले मॅपिंग : ८' असा संदेश झळकला. इंजिनाची मांडणी बदलण्याची ती सूचना आहे, असे वरवर दिसत होते. थोड्याच वेळात लोरेंझो शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूला गेले आणि दोव्हित्सिओसो पुढे येऊन जिंकले. आपण चूक केली, कोणाला वाट दिली नाही, असे लोरेंझो म्हणाले. व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत तोच संदेश पुन्हा झळकला आणि फलकही धरले गेले. लोरेंझो यांनी ते मानले नाहीत. पुढच्या गाड्या गाठण्यासाठी दोव्हित्सिओसो यांना आपणच ओढून नेत होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण. शेवटी दोघेही पडले आणि अजिंक्यपद मार्केझ यांचे झाले. हे स्पष्टीकरण मला अगदीच पोकळ वाटत नाही. वेगवान सोबत्याच्या मागे राहिल्याने कधीकधी खरोखर मदत होते आणि ते पिटमध्ये बसून कळत नाही.

जुनी पाने

फ्रान्समधील ल मां या २४ तासांच्या शर्यतीचे १९६६ चे उदाहरण राहून गेले, तेवढे जोडतो. फोर्डला आपल्या गाड्या एकत्र अंतिम रेषा ओलांडताना दिसाव्यात असे वाटले, म्हणून आघाडीवरील केन माइल्स यांना वेग कमी करायला लावला. रेषा जवळजवळ बरोबरीने ओलांडली गेली, पण ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला मागून निघालेली असल्याने तिने जास्त अंतर कापले असे ठरले आणि विजय त्यांना मिळाला. त्या वर्षी डेटोना आणि सेब्रिंग या अमेरिकेतील शर्यती जिंकलेले माइल्स ऑगस्टमध्ये चाचणीदरम्यान अपघातात गेले. छायाचित्रासाठी दिलेला आदेश म्हणजे आदेशांतला सर्वांत हलका प्रकार.

सरळ रेषा

मग मर्सिडीजचे काय? २०१४ ते २०१६ त्यांनी हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग यांना लढू दिले. २०१६ ला बार्सिलोनात पहिल्याच फेरीत दोन्ही गाड्या वाळूत गेल्या, ऑस्ट्रियात शेवटच्या फेरीत टक्कर झाली, पण तिन्ही वर्षी दोन्ही अजिंक्यपदे त्यांचीच. अबू धाबीच्या अखेरच्या शर्यतीत हॅमिल्टन यांनी आघाडीवर राहून मुद्दाम वेग कमी ठेवला, म्हणजे मागचे चालक रोझबर्ग यांच्यावर चढून येतील. संघाने वेग वाढवायला सांगितले, ते त्यांनी ऐकले नाही. रोझबर्ग ३८५ विरुद्ध ३८० गुणांनी जिंकले आणि पाच दिवसांनी निवृत्त झाले. माझ्या मते इतका चांगला शेवट कोणत्याही आदेशाने घडवला नसता.

पिट वॉल

तेव्हा मर्सिडीजला ते परवडत होते, कारण दुसरा कोणता संघ जवळपासही नव्हता. अजिंक्यपद घरातच राहणार असेल तर उदार होणे सोपे असते. २०१८ मध्ये फेरारी अंगावर आल्यावर त्याच संघाने सोचीला आघाडीवरील बोट्टास यांना हॅमिल्टन यांच्यासाठी बाजूला व्हायला लावले.

शेवटचे वळण

म्हणूनच मला २०२५ चा मॅक्लारेन सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. दोन चालक, दोघेही अजिंक्यपदाच्या दावेदारीत, आणि पहिला-दुसरा असा भेद करायचा नाही हे जाहीर धोरण. अपेक्षा अशी की अशा संघात आदेश कमी असतील. प्रत्यक्षात ते जास्त झाले, कारण समान वागणूक टिकवायची तर प्रत्येक लहानसहान विषमता हाताने दुरुस्त करावी लागते. मोंझाला नॉरिस दुसरे आणि पियास्त्री तिसरे होते. पियास्त्री यांना आधी पिटमध्ये घेतले, याचा नॉरिस यांना तोटा होणार नाही असे आश्वासन देऊन. मग नॉरिस यांच्या पुढच्या डाव्या चाकाने वेळ खाल्ला, पियास्त्री पुढे निघाले आणि त्यांना जागा परत द्यायला सांगितले गेले. संथ पिट स्टॉप हा शर्यतीचाच भाग असतो, असे आपले आधी ठरले होते, अशी तक्रार पियास्त्री यांनी रेडिओवर केली, आणि तरीही वाट दिली. हा वाद नेमका माझ्या कसोटीवरचा आहे: दोन आधी ठरलेली तत्त्वे एकमेकांना भिडली आणि त्यांतले वरचढ कोणते, हे आधी ठरलेले नव्हते.

बेरीज-वजाबाकी

या मोंझाची वजाबाकी करून पाहण्यासारखी आहे. दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५. अंतिम तक्ता नॉरिस ४२३, रेड बुलचे व्हर्स्टापेन ४२१, पियास्त्री ४१०. ती जागा परत मिळाली नसती आणि बाकी सगळे तसेच घडले असते, तर नॉरिस ४२० वर राहिले असते आणि अजिंक्यपद व्हर्स्टापेन यांना गेले असते. अर्थात बाकी सगळे तसेच घडत नसते. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत नॉरिस आपल्याला तिसरा क्रमांक पुरेसा आहे हे जाणून चालवत होते. पण तीन गुणांच्या ज्या अदलाबदलीला अनेकांनी फाजील सोवळेपणा म्हणून नावे ठेवली, ती नसती तर हा तक्ता उलटला असता, एवढे खरे.

सरळ रेषा

आणि कतार? सातव्या फेरीला सेफ्टी कार (धोका असताना सर्वांना संथ चालवायला लावणारी गाडी) आली, जवळजवळ सगळे टायर बदलायला आत आले आणि मॅक्लारेनचे दोघेही बाहेर राहिले. व्हर्स्टापेन यांनी शर्यत तिथेच जिंकली. एकाला आत घेतले आणि दुसऱ्याला बाहेर ठेवले तर पक्षपात दिसेल, या भीतीने दोघांनाही बाहेर ठेवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिट वॉल

संघाने तसे मान्य केलेले नाही. इतर सगळेच आत येतील अशी अपेक्षा नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटण्यासारखे वाटत नाही, कारण त्या शर्यतीत एक टायर जास्तीत जास्त २५ फेऱ्या वापरण्याची मर्यादा होती आणि शर्यत ५७ फेऱ्यांची. सातव्या फेरीला थांबले की उरलेल्या ५० चे बरोबर दोन भाग पडत होते, आणि हे गणित प्रत्येक संघाच्या कागदावर असणारच. पण तुमचा निष्कर्षही मला घाईचा वाटतो. दोघांनाही एकाच फेरीत आत घेता आले असते. दुसऱ्या गाडीला पहिलीच्या मागे काही सेकंद थांबावे लागले असते, एवढेच. तेव्हा आघाडीवर पियास्त्री होते, म्हणजे थांबावे लागले असते ते नॉरिस यांना, जे गुणतक्त्यात पुढे होते. त्या काही सेकंदांचा विचार पिट वॉलवर, म्हणजे संघाचे डावपेच ठरवणाऱ्यांत, झाला होता की नाही, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.